कविता ओळीओळीने कशी उलगडावी : कडवे, रचना आणि प्रतिमा

दहावीच्या मराठीच्या परीक्षेत काव्यपंक्तींचे रसग्रहण करायला सांगतात, आणि त्यासाठी आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य व भाषिक वैशिष्ट्ये असे तीन कप्पे मुलांच्या हाती आधीच दिलेले असतात. कप्पे वाईट नाहीत. पण आशय एका परिच्छेदात आणि त्याचे सौंदर्य दुसऱ्या परिच्छेदात अशी वाटणी एकदा झाली, की कवीने सांगायचे ते आधी ठरवले आणि मग त्यावर यमक, अनुप्रास, प्रतिमा यांची वेलबुट्टी काढली, असा समज मनात घर करून बसतो. शाळेत असताना बालकवींच्या ‘औदुंबर’वर मीही ‘या कवितेतून कवीचे निसर्गप्रेम दिसून येते’ असे लिहिले होते आणि त्याला गुणही मिळाले होते. ते वाक्य बालकवींच्या जवळजवळ कोणत्याही कवितेखाली खपले असते, हे माझ्या लक्षात यायला पुढे बरीच वर्षे गेली.

कवितेत अर्थ कुठे असतो, या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे, की तो एका ओळीकडून दुसऱ्या ओळीकडे जाताना घडतो. कोणता शब्द आधी आला, कोणता राखून ठेवला, कडवे नेमके कुठे थांबले, कोणती प्रतिमा कोणत्या प्रतिमेनंतर आली, या सगळ्यात तो असतो. तो शोधण्याची मी वापरतो ती रीत पुढे मांडली आहे. उदाहरणे तुकोबा, केशवसुत, बहिणाबाई, मर्ढेकर आणि बालकवी यांची घेतली आहेत. त्यांतल्या बालकवींच्या आठ ओळींवर मी मुद्दाम जास्त वेळ थांबणार आहे.

हाताने उतरवणे आणि मोठ्याने म्हणणे

पहिले काम कविता वहीत स्वतःच्या हाताने उतरवून काढण्याचे, आणि तेही चांगल्या छापील प्रतीवरून. मोबाइलवर फिरणाऱ्या कवितांमध्ये कडव्यांमधली मोकळी जागा बहुधा नाहीशी झालेली असते, दोन ओळींची एक झालेली असते आणि जुने ऱ्हस्व-दीर्घ कुणीतरी शुद्धलेखनाच्या आजच्या नियमांप्रमाणे ‘सुधारलेले’ असतात. वृत्तात बांधलेल्या कवितेत ‘मधुनि’चे ‘मधुनी’ केले तर एक मात्रा (उच्चाराच्या लांबीचे माप : ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घाची दोन) वाढते आणि ओळ लंगडते, त्यामुळे ही बाब क्षुल्लक नाही.

मग कविता मोठ्याने म्हणावी, एकदा अर्थाकडे लक्ष ठेवून आणि एकदा नुसत्या ठेक्यावर. जिथे आवाज आपोआप थांबतो तिथे पेन्सिलीने उभी रेघ मारावी. अर्थाचा थांबा आणि ठेक्याचा थांबा बहुतेक ओळींत एकाच जागी येतात. ज्या ओळीत ते येत नाहीत त्या ओळीसमोर फुली करून ठेवावी. या फुल्या पुढे फार उपयोगी पडतात.

तिसरे काम कंटाळवाणे आहे, पण टाळू नये. कवितेचा साधा गद्य अर्थ चार-पाच वाक्यांत लिहावा. त्याचा खरा उपयोग असा, की गद्यात जे उतरत नाही ते त्यामुळे समोर येते. ‘औदुंबर’चा गद्य अर्थ लिहिला तर हाती येते ते एवढेच : दोन्ही काठांवर हिरवळ असलेला एक ओढा वाहतो आहे, पलीकडे टेकडीजवळ छोटे गाव आहे, पुढे शेते आहेत, त्यांतून एक पायवाट डोहाकडे जाते, आणि डोहाच्या काठी उंबराचे झाड आहे. यात काहीच घडत नाही. तरी कविता वाचून कुणाला विलक्षण शांत वाटते, कुणाला आत कुठेतरी भीती वाटते. ते कशामुळे होते, हे शोधायचे आहे.

कडवे : कान आधी थांबतो की अर्थ

कडव्याबद्दल विचारायचा मुख्य प्रश्न असा : या साच्यात ओळ कुठे पुरी झाल्यासारखी वाटते, आणि वाक्य कुठे पुरे होते? तुकोबांचा मोठा अभंग घ्यावा. त्याच्या चार चरणांत साधारण सहा, सहा, सहा आणि चार अशी अक्षरे असतात आणि यमक दुसऱ्या व तिसऱ्या चरणात जुळते. म्हणताना एखादे अक्षर कमीजास्त चालते.

वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें । पक्षी ही सुस्वरें आळविती ॥

‘वनचरें’ला ‘सुस्वरें’ जुळले की कानाला वाटते, झाले. पण वाक्य झालेले नसते, कारण क्रियापद अजून यायचे आहे. ते चार अक्षरांच्या आखूड चरणात येते, ‘आळविती’. पुढच्या कडव्यात ‘वास’ आणि ‘दोष’ जुळल्यानंतर ‘अंगा येत’ येते, त्याच्या पुढच्यात ‘आसन’ आणि ‘मन’ जुळल्यानंतर ‘क्रीडा करी’. म्हणजे यमकाने दार लावून घेतल्यावर वाक्याचे शेवटचे पाऊल बाहेर पडते. एकांताचे सुख सांगणाऱ्या अभंगात ही चाल मला फार बोलकी वाटते. प्रत्येक कडवे सगळ्यांबरोबर थांबते आणि मग एक पाऊल एकटे पुढे जाते. शेवटच्या कडव्यात त्या चार अक्षरांच्या जागी ‘आपणांसि’ हा शब्द येतो. ‘आपुलाचि वाद आपणांसि.’ ज्या जागी इतका वेळ पक्षी आळवत होते आणि मन क्रीडा करीत होते, तिथे आता आपण स्वतःच उभे असतो. सोयऱ्यांच्या गर्दीने सुरू झालेला अभंग स्वतःशी चाललेल्या बोलण्यावर येऊन टेकला, हे गद्य अर्थातही सांगता येईल. पण तो नेमका त्याच आखूड जागेत टेकला, हे कडवे पाहिल्याशिवाय दिसत नाही.

ग्रंथातल्या ओवीचा घाट थोडा वेगळा आहे. तिथे पहिले तीन चरण एका यमकाने बांधलेले असतात आणि चौथा आखूड चरण यमकाबाहेर राहतो. ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच ओवीत ‘आद्या’, ‘प्रतिपाद्या’, ‘स्वसंवेद्या’ अशी चढण चढून ‘आत्मरूपा’ हा शब्द यमकाच्या बाहेर, एकटा येतो. ज्याला नमन करायचे त्याचे नाव तिथे आहे.

आता केशवसुतांची १८९३ सालची ‘तुतारी’.

एक तुतारी द्या मज आणुनि
फुंकिन मी जी स्वप्राणाने,
भेदुनि टाकिन सगळी गगने
दीर्घ जिच्या त्या किंकाळीने;
अशी तुतारी द्या मजलागुनि!

कडव्यात पाच ओळी आहेत. पहिली आणि पाचवी एकमेकींशी जुळतात, मधल्या तिघी एका यमकात आहेत. वहीत समासात यमकाची अक्षरे लिहून पाहावीत : क, ख, ख, ख, क. आता पाचव्या ओळीवर बोट ठेवून उरलेले कडवे म्हणावे. तुतारी फुंकून झाली, आकाश भेदून झाले, असे वाटू लागते. बोट काढले की ‘द्या मजलागुनि’ ही मागणी परत येते आणि ध्यानात येते, की तुतारी अजून हाती आलेलीच नाही. मधल्या तीन ओळींतला सगळा पराक्रम दोन मागण्यांच्या कंसात आहे. या कवितेला आपण बंडाची ललकारी म्हणतो आणि ते चूक नाही. पण कडव्याचा आकार पाहिला तर ती अजून न मिळालेल्या वाद्याची ललकारी आहे.

याच कवितेतले पुढचे एक कडवे याच आकाराचे आहे. ‘जुने जाउं द्या मरणालागुनि’ ही त्याची पहिली ओळ आणि ‘खांद्यास चला खांदा भिडवुनि!’ ही शेवटची. मधल्या यमकाचे शब्द ‘टाका’, ‘ठाका’, ‘हाका’. पहिल्या कडव्यातल्या मधल्या ओळी ‘-ने’वर संपून लांबत होत्या, या ओळी ‘का’वर आपटून तुटतात. आणि मुख्य फरक असा, की या कडव्याच्या पाचव्या जागी ‘मज’ नाही, तिथे खांद्याला खांदा भिडवणारे अनेक आहेत. साचा तोच ठेवून त्याच जागी वेगळी गोष्ट आणून बसवली, म्हणजे तो बदल उठून दिसतो. कडवी एकाच आकाराची असण्याचा हा मोठा फायदा आहे, आणि म्हणून एकाच जागेवरच्या ओळी उभ्या वाचून पाहण्याची सवय लावून घ्यावी : सगळ्या कडव्यांच्या पहिल्या ओळी एका दमात, मग सगळ्या शेवटच्या ओळी एका दमात.

इथे एक सावधगिरी. अमुक वृत्त म्हणजे वीररस, तमुक वृत्त म्हणजे करुणरस, असे कोष्टक पाठ करू नये. ‘तुतारी’च्या या ओळी सोळा मात्रांच्या आहेत, आठ अधिक आठ. मर्ढेकरांची १९४० च्या दशकातली उंदरांची कविता घ्या :

पिपांत मेले ओल्या उंदिर;
माना पडल्या, मुरगळल्याविण

मोजून पाहा. इथेही आठ अधिक आठ, सोळाच मात्रा आहेत. त्याच मापात एकाने आकाश भेदायची भाषा केली आणि दुसऱ्याने मेलेले उंदीर मांडले. फरक पडतो तो मापात वाक्य कसे बसवले आहे यामुळे. मर्ढेकरांच्या पहिल्या ओळीत ‘ओल्या’ हे विशेषण ‘पिपांत’ या आपल्या नामापासून तुटून ओळीच्या दुसऱ्या अर्ध्यात पडले आहे. ‘ओल्या पिपांत उंदीर मेले’ असे सरळ वाक्य केले तर ती एक बातमी होते. मूळ ओळीत मात्र वाचक ‘ओल्या’पाशी अडखळतो, तो ओलेपणा पिंपाचा की उंदरांचा हे क्षणभर ठरत नाही, आणि तेवढ्यात ओल उंदरांना चिकटते. ठेका मात्र बडबडगीतासारखा चालूच राहतो. मला या कवितेत सगळ्यात अस्वस्थ करते ते हेच, की ओळ म्हणायला सोपी आहे.

रचना : कडव्यांचा क्रम कुणाशी बोलतो

एका कडव्याच्या आतले पाहून झाले, की कडव्यांचा क्रम पाहावा. मी प्रत्येक कडव्यासमोर दोन-तीन शब्दांत ते कडवे काय ‘करते’ ते लिहितो : विचारते, नाकारते, मोजते, आठवते. कडवे काय सांगते ते इथे लिहायचे नाही. हा भेद सुरुवातीला जड जातो, म्हणून बहिणाबाईंचे ‘अरे संसार संसार’ हे गाणे घेऊन दाखवतो.

गाणे सर्वांना पाठ आहे. संसार म्हणजे चुलीवरचा तवा, आधी हाताला चटके आणि मगच भाकर. संसार खोटा म्हणू नको, देवळाच्या कळसाला लोटा म्हणू नको. गळ्यातल्या हाराला लोढणे म्हणू नको. संसार म्हणजे वेलावरचा खिरा, एका तोंडाशी कडू आणि बाकी सगळा गोड. संसाराला भिलावा म्हणू नको, त्याचे भीमफूल गोड असते आणि आत गोडंबीचा ठेवा असतो. यातले प्रत्येक कडवे ‘अरे संसार संसार’नेच उघडते, आणि ‘अरे’ हे संबोधन आहे. समोर कुणीतरी बसले आहे, ते संसाराला नावे ठेवते आहे, आणि त्याला बाई उत्तर देते आहे. त्याचे बोलणे गाण्यात कुठेच नाही. ‘म्हणू नको’मधून ते आपण ऐकतो. समासात काय करते ते लिहायचे तर : मान्य करते, अडवते, पुन्हा अडवते, तोडगा काढते. सुखदुःखाची नुसती यादी इतकी चिवट झाली नसती. हे एक भांडण आहे, आणि म्हणून त्याला पुढे जायची ओढ आहे.

प्रतिमांची निवडही पाहावी. कळस आणि लोटा दोन्ही धातूचे, घडणही मिळतीजुळती. हार आणि लोढणे दोन्ही गळ्यातच असतात. लोढणे म्हणजे पळणाऱ्या गुराच्या गळ्यात बांधलेला लाकडाचा ओंडका. बाईंनी विरुद्ध वस्तूंच्या जोड्या घेतल्या नाहीत, दिसायला किंवा जागेने सारख्या असलेल्या वस्तूंच्या घेतल्या आहेत. म्हणजे नावे ठेवणाऱ्याची चूक वाईट मनाची नाही, पाहण्याची आहे; त्याने हारच पाहिला, पण ओळखला लोढणे म्हणून. पुढे भिलावा येतो, म्हणजे बिब्बा. बिब्ब्याचे तेल अंगाला लागले की उततेच. पहिल्या कडव्यातल्या तव्याने हाताला चटका दिला होता, आणि इथे पुन्हा कातडी भाजणारी वस्तूच हाती घेतली आहे. मात्र तव्याच्या वेळी भाकर चटक्यानंतर मिळत होती. बिब्ब्यात गोड गर आणि गोडंबी त्या पोळणाऱ्या फळातच असते. ‘आधी–मग’ची जागा ‘आत’ने घेतली. पहिल्या आणि या प्रतिमेत एवढे अंतर पडलेले असेल, तर कविता मधल्या काळात कुठेतरी पोहोचली, असे खुशाल म्हणावे.

सुनीताची, म्हणजे चौदा ओळींच्या सॉनेटची, रचना यापेक्षा उघड असते. पहिल्या आठ ओळींनंतर बहुधा वळण येते, आणि तिथे ‘पण’, ‘परि’, ‘तरी’ यांसारखा एखादा शब्द सापडतो. तो शब्द शोधावा, त्याच्या आधी काय होते आणि नंतर काय आहे हे दोन वाक्यांत मांडावे. त्या प्रकाराबद्दल इथे यापेक्षा जास्त बोलण्याची गरज नाही.

प्रतिमा : ‘औदुंबर’च्या आठ ओळी

त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे बालकवी, यांचा जन्म १८९० साली खानदेशात धरणगावला झाला आणि १९१८ साली रेल्वेखाली सापडून त्यांचा मृत्यू झाला. एवढे सांगितले की पुष्कळ वाचक ‘औदुंबर’मध्ये लगेच मरण शोधू लागतात. ते तूर्त बाजूला ठेवावे. आधी ओळी.

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेउन
निळासांवळा झरा वाहतो बेटाबेटांतुन.
चार घरांचे गांव चिमुकले पैल टेकडीकडे;
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गर्दी पुढे.
पायवाट पांढरी तयांतुन अडवीतिडवी पडे;
हिरव्या कुरणांमधुनि चालली काळ्या डोहाकडे.
झांकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर;
पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर.

प्रतिमा वाचताना मी तीन याद्या करतो : रंग, क्रियापदे आणि माणसाच्या खुणा. प्रतीक कशाचे, हा प्रश्न या याद्या होईपर्यंत विचारायचा नाही.

रंगांची यादी ओळींच्या क्रमाने अशी होते : हिरवा, निळासावळा, हिरवा, पांढरा, हिरवा, काळा आणि पुन्हा काळिमा. हिरव्याने सुरू होऊन काळ्यात शेवट. मधला पांढरा एकदाच येतो, पायवाटेला, आणि तीच पायवाट हिरव्यातून काळ्याकडे जाते. शेवटच्या ओळीत तर एकही रंग नाही. पण पहिल्या काळ्यानंतरच्या काळिम्याला ‘गोड’ म्हटले आहे. ते एक विशेषण खोडून त्या जागी ‘दाट’ लिहून ओळ म्हणा; मात्रा तितक्याच राहतात, पण डोह लगेच भयाण होतो.

क्रियापदांत झरा वाहतो, वाट पडते, चालते, काळिमा पसरतो आणि शेवटी कुणीतरी बसते. गती एकेक पायरी उतरत जाते.

माणसाच्या खुणा पाहिल्या तर आधी चार घरे, मग शेतमळे, मग नुसती पायवाट. कवितेत माणूस एकही नाही. ‘गर्दी’ हा माणसांचा शब्द आहे, पण इथे ती पिकांची आहे. घर, शेत, वाट या क्रमाने माणसाची खूण बारीक होत जाते आणि वाट डोहाशी पोहोचली की संपते. नेमकी त्यानंतर झाड माणसाची कृती करते : पाण्यात पाय सोडून बसते. माणूस जसा कवितेतून ओसरत गेला, तसे त्याचे बसणे झाडाला मिळाले. माझ्या मते या कवितेचा कणा हा आहे, आणि गद्य अर्थात तो कुठेच दिसत नव्हता.

आता सुरुवातीला मारलेल्या फुल्यांकडे यावे. ही कविता आठ, आठ आणि अकरा मात्रांच्या चालीवर आहे. ओळीच्या टोकाचे ऱ्हस्व अक्षर लांबवून म्हणायचे. ‘चार घरांचे | गांव चिमुकले | पैल टेकडीकडे’. ‘शेतमळ्यांची | दाट लागली | हिरवी गर्दी पुढे’. ठेक्याचा थांबा शब्दाच्या टोकाशी नीट बसतो. पण पाचवी ओळ मोजा. आठ मात्रा भरतात त्या ‘पायवाट पां’ इथे, आणि थांबा ‘पांढरी’ या शब्दाच्या पोटात येतो : ‘पायवाट पां | ढरी तयांतुन | अडवीतिडवी पडे’. सहाव्या ओळीत तो ‘कुरणां | मधुनि’ असा जोडशब्दाच्या सांध्यावर येतो, म्हणजे थोडा सावरतो. उरलेल्या सहाही ओळींत तो सरळ आहे. ज्या दोन ओळींत वाट चालते, त्याच दोन ओळींत ठेका शब्दाला आडवा जातो, आणि जिथे वाट ‘अडवीतिडवी’ आहे तिथे सर्वात जास्त. बालकवींनी हे मोजून केले असे माझे म्हणणे नाही. तयार कानाचा कवी मोजत बसत नाही. पण ओळीत ते आहे, आणि वाचणाऱ्याच्या जिभेला ते लागते.

यमकांत असाच एक जोड आहे. मधल्या चार ओळी ‘कडे’, ‘पुढे’, ‘पडे’, ‘कडे’ अशा संपतात; सगळे शब्द कुठेतरी जाण्याचे, दिशेचे. पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन ओळींची टोके मात्र मिटलेली आहेत. शेवटचे यमक ‘लाटांवर’ आणि ‘औदुंबर’ यांचे आहे, आणि त्याचा आवाज आपण कवितेच्या पहिल्याच ओळीत दोनदा ऐकलेला असतो : ‘तटावर’, ‘तटावर’. म्हणून औदुंबर हा शब्द कवितेत पहिल्यांदा येत असूनही अनोळखी वाटत नाही. शीर्षकात त्याचे नाव घेऊन कवीने त्याला सात ओळी थांबवून धरले, आणि तो आला तेव्हा जागा आधीच तयार होती.

एवढे झाल्यावर प्रतीकाकडे वळायला हरकत नाही. औदुंबर म्हटले की दत्त आठवतो, आणि त्यावरून हे झाड विरक्त योग्याचे प्रतीक आहे असे वाचन करता येते. काळा डोह म्हणजे मृत्यू आणि वाट म्हणजे आयुष्य, असेही करता येते. कोणते घ्यायचे? माझी कसोटी अशी, की जे वाचन जास्त ओळींना हात घालते ते जास्त धरावे. मृत्यूच्या वाचनाला डोह, वाट आणि माणसाच्या खुणांचे विरळ होणे सापडते, पण ‘गोड’ त्याला अडते. योग्याच्या वाचनाला ‘गोड’ आणि ‘बसला’ सापडतात, पण पाय पाण्यात सोडून बसण्याची ऐट काही आसन लावल्याची नाही, ती उन्हातून आलेल्या पोरासारखी आहे. मला दोन्ही वाचने अर्धी वाटतात. डोहाची भीती बाळगून नव्हे आणि जिंकूनही नव्हे, तर सहज त्यात पाय सोडून बसलेले कुणीतरी, इथपर्यंत ओळी मला नेतात. त्यापुढचे मी ओळींच्या माथी मारत नाही. ‘असला’ या शब्दाची मला अजून खात्री नाही. तो ‘असा हा’ म्हणून बोट दाखवणारा आहे, की त्यात थोडे कौतुक, थोडी थट्टा आहे, हे मी प्रत्येक वेळी वेगळे म्हणतो.

शंका आली, की आपण कवितेत नसलेले तर काढत नाही ना, तर उलटापालट करून पाहावी. शेवटची ओळ पहिली करावी. वाटेचा रंग ‘तांबडी’ करावा. तिच्याही पाचच मात्रा आहेत. अर्थात काही बिघडले नाही तर आपले निरीक्षण कच्चे होते. इथे झाड आधी आले तर पुढच्या सगळ्या ओळी नुसती पार्श्वभूमी होतात, आणि वाट तांबडी केली तर काळ्याशेजारी उभा राहणारा उजेड जातो.

लिहिताना

लिखाणाची सुरुवात कवीच्या चरित्राने किंवा काव्यप्रकाराच्या व्याख्येने करू नये; जे एक निरीक्षण तुम्हाला सर्वात पक्के वाटते त्याने करावी. प्रत्येक परिच्छेदात तीन गोष्टी जवळजवळ असाव्यात : ओळीतला नेमका शब्द, तो कुठे व कसा आला आहे, आणि त्यामुळे वाचताना काय होते. ‘कवीने समर्पक प्रतिमा वापरून आशय खुलवला आहे’ या वाक्यात तिन्हींपैकी एकही नाही. त्याऐवजी असे लिहिता येईल : ‘घरे, शेते आणि पायवाट या क्रमाने माणसाच्या खुणा बारीक होत जातात, आणि त्या संपल्यावर “पाय टाकुनी जळांत बसला” ही माणसाची कृती झाडाला दिली जाते, त्यामुळे शेवटची ओळ वर्णनाची न राहता कुणाच्या तरी भेटीची होते.’ चार गुणांच्या उत्तरात असे एक वाक्य आणि ‘गोड काळिमा’वरचे दुसरे, एवढे पुरते. लांब लेखात मात्र मात्रांचे कोष्टक देऊ नये, ज्या ओळीत माप अडखळते तीच दाखवावी. अलंकाराचे नाव माहीत असेल तर लिहावे, पण नाव लिहून थांबू नये. ‘चेतनगुणोक्ती’ म्हटल्याने झाड पाण्यात पाय का सोडते हे कळत नाही.

मसुदा झाला की तो दुसऱ्या एखाद्या कवितेची ओळख करून देतो आहे असे समजून पुन्हा वाचावा, आणि त्या कवितेलाही जसेच्या तसे लागू पडेल ते वाक्य खोडावे. माझ्या पहिल्या मसुद्यातली निम्मी वाक्ये दर वेळी अशी जातात.